मैदान कोणाचे, बाके कोणाची

बाळकुमच्या नव्या निवासी संकुलांत संध्याकाळी खाली उतरून बसणाऱ्या मंडळींचे दोन गट असतात. चोविहार पाळणारे ज्येष्ठ आधी येतात, कारण त्यांचे जेवण सूर्यास्तापूर्वीच आटोपलेले असते. भिवंडीच्या गोदामांतून किंवा मुंबईच्या पेढ्यांवरून परतणारे त्यांचे मुलगे आणि पुतणे मागाहून येतात. उधारी, भाव आणि कशेळीच्या पुलावरील वाहनांची रांग हे विषय संपले की बोलणे क्रिकेटवर येते, आणि एकदा आले की तेथून लवकर हलत नाही. थोर फलंदाज कोण, मुंबईचा कोणत्या काळातील संघ सर्वांत बळकट, हे दोन वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. अलीकडे त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे : सामना व्हावा कोठे?

या तिसऱ्या वादाला कारण आहे. भिवंडीच्या पलीकडे, समृद्धी महामार्ग जेथे येऊन थांबतो त्या आमणे गावी एक लाख प्रेक्षकांचे स्टेडियम उभारावे, असा मुंबई क्रिकेट असोसिएशनचा विचार २०२४ पासून चर्चेत आहे. सुमारे पन्नास एकर जागेची गोष्ट बोलली जाते. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तेव्हापासून बाळकुमच्या कट्ट्यावर या स्टेडियमला अधिकच रंग चढला आहे. एवढी वर्षे ठाणेकराने सामन्यासाठी लोकल धरून दक्षिण मुंबई गाठली. आता मलबार हिलच्या माणसाने मोटार काढून इकडे यावे, हे एका पक्षाचे म्हणणे. वानखेडेवरील सामना आमण्यात नेणे म्हणजे झवेरी बाजार उचलून माळावर मांडणे, हे दुसऱ्याचे.

पहिले दोन वाद मिटत नाहीत, आणि ते न मिटण्यातच त्यांची गोडी आहे. तिसरा मात्र खातेवहीत उतरणारा आहे. जमीन कोणी दिली, पैसा कोणी घातला, बाके कोणाला मिळाली आणि उत्पन्न कोणाच्या गल्ल्यात गेले, हे त्यात पाहावे लागते. मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास या नजरेने उलगडला तर असे दिसते, की मोठमोठे तंटे खेळाडूंवरून क्वचितच झाले. ते बाकांवरून झाले.

प्रारंभ अर्थातच मोकळ्या मैदानावर झाला. १८८० च्या दशकात एस्प्लनेडच्या मैदानात पारशी आणि हिंदू तरुण क्रिकेट खेळत, आणि त्याच हिरवळीवर युरोपीय साहेबांचे पोलो चाले. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची चाळण होई. साहेबांच्या जिमखान्याची स्वतःची क्रिकेटची जागा मात्र राखीव आणि शाबूत असे. देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने ही सारी हकिकत १८९७ साली आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे, आणि त्यात चेंडूफळीपेक्षा अर्जविनंत्यांचेच वर्णन अधिक मनोरंजक आहे. त्या खटपटीची परिणती पुढे समुद्रकाठच्या केनेडी सी फेसवर जिमखान्यांना जागा मिळण्यात झाली. आधी पारशी, मागाहून मुसलमान आणि हिंदू. हिंदू जिमखान्याच्या नावामागे आजही ‘पी. जे.’ ही अक्षरे आहेत. ती परमानंददास जीवनदास यांची. व्यापारी घराण्याचे नाव खेळाच्या दारावर लागण्याचे मुंबईतील हे बरेच जुने उदाहरण.

आणखी एक आठवण याच परिसरातील. ओव्हल मैदानात शनिवार-रविवारी डझनावारी सामने एकमेकांत मिसळून चालतात, त्यांच्यावर लक्ष ठेवून उभा असलेला राजाबाई मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ साली पूर्ण झाला. त्यांच्या दृष्टिहीन मातुःश्रींना घड्याळाच्या टोल्यांवरून संध्याकाळच्या भोजनाची वेळ कळावी हा हेतू होता, असे परंपरेने सांगतात. १८६५ च्या शेअरबाजाराच्या पडझडीत प्रेमचंदजींचे नाव ज्या बॅक बे भरणी कंपनीशी जोडलेले होते, ती कंपनी बुडाली. परंतु समुद्र हटवून जमीन करण्याची कल्पना बुडाली नाही. विसाव्या शतकात भरणीचे काम पुन्हा हाती घेतले गेले, आणि त्या भरावाच्या जमिनीवर ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले.

तोवर मुंबईला स्टेडियम असे नव्हतेच. डिसेंबर १९३३ मध्ये भारतातील पहिला कसोटी सामना झाला तो बॉम्बे जिमखान्यावर. लाला अमरनाथ यांनी पदार्पणातच ११८ धावा केल्या आणि प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पण ज्या जिमखान्याच्या हिरवळीवर हा पराक्रम झाला, त्याचे सभासदत्व त्या काळी युरोपीयांपुरते होते. प्रेक्षकांसाठी तात्पुरते मांडव घातले होते. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांच्याकडून जागा मिळवून बांधलेले स्टेडियम १९३७ च्या डिसेंबरात खुले झाले, तेव्हा देशाला स्वतःचे पक्के क्रीडांगण लाभले म्हणून सर्वांनी समाधान मानले.

समाधान फार टिकले नाही. मुंबईच्या क्रिकेटचा प्राण त्या काळी पंचरंगी सामन्यांत होता. युरोपीय, पारशी, हिंदू, मुसलमान हे चार संघ आधीपासून होते. १९३७ पासून ‘रेस्ट’ हा पाचवा आला. जे कोणत्याच चौकटीत बसत नव्हते ते ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध असे ‘उरलेले’ त्यात खेळत. आणि या पहिल्याच पंचरंगी स्पर्धेतून हिंदू जिमखान्याने अंग काढून घेतले. कारण खेळाडूंची निवड नव्हे, पंचांचा निर्णय नव्हे. नव्या स्टेडियममध्ये जिमखान्याच्या वाट्याला आलेली बाके पुरेशी नव्हती, एवढेच. ज्यांच्याकडे मैदान त्यांच्याकडे वाटपाचा अधिकार, हे मुंबईला तेव्हा प्रथम कळले.

पंचरंगीची पुढची कहाणी अधिक गंभीर आहे. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी धर्मवार संघांच्या या सामन्यांविषयी आपली नापसंती जाहीरपणे व्यक्त केली. विद्यापीठांचे, संस्थांचे सामने समजू शकतात, पण हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ खेळात कशाला, असा त्यांचा आशय होता. त्या वर्षी हिंदू संघ खेळला नाही. वर्तमानपत्रांतून, क्लबांतून आणि घराघरांतून मते फुटली. स्पर्धा बंद करा म्हणणारे देशहिताची भाषा बोलत. चालू ठेवा म्हणणारे सांगत, की सर्व जातिधर्मांची माणसे शेजारी बसून सामना पाहतात, यात वैर कोठे आले? दोन्ही पक्षांत प्रामाणिक माणसे होती. मात्र तिसरेही एक कारण होते आणि ते कमी बोलले जाई : रणजी सामन्यांना मोजके लोक येत, पंचरंगीला स्टेडियम ओसंडून वाही. जिमखान्यांच्या वार्षिक जमाखर्चाचा आधार ती दहा-बारा दिवसांची गर्दी होती. तत्त्वाच्या चर्चेत गल्ल्याचा आवाज असा मिसळला, की कोण कशासाठी बोलत आहे हे ओळखणे कठीण व्हावे. १९४६ साली स्पर्धा कायमची संपली, तेव्हा देशातील वातावरण इतके पेटले होते की निर्णयाला फारसा विरोध उरला नाही.

पण त्याआधी त्या मैदानाने जे पाहिले, त्यावर बाळकुमचे ज्येष्ठ अजून बोलतात. त्यांनी ते पाहिलेले नाही. त्यांच्या वडिलांनी सांगितलेले ऐकले आहे. विजय मर्चंट हे मुंबईच्या गिरणीमालक ठाकरसी घराण्यातील. विजय हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती. पंचरंगीतील सर्वोच्च धावसंख्येचा विक्रम मर्चंट यांच्या नाबाद २४३ चा होता. १९४३-४४ च्या स्पर्धेत हजारे यांनी मुसलमान संघाविरुद्ध २४८ करून तो मोडला. अंतिम सामन्यात हिंदू आणि रेस्ट समोरासमोर आले. मर्चंट यांनी नाबाद २५० करून विक्रम परत घेतला आणि संघाचा डाव ५ बाद ५८१ वर सोडला. रेस्टचा पहिला डाव १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावात ३८७ झाल्या, आणि त्यांतील ३०९ एकट्या हजारे यांच्या! सहाव्या गड्यासाठी त्यांचे बंधू विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागी झाली. त्यांत विवेक यांचा वाटा २१ धावांचा. सामना हिंदूंनी डावाने जिंकला. त्या सामन्यात मोठा कोण ठरला, हे मात्र ऐंशी वर्षांनंतरही ठरलेले नाही.

मर्चंटांचा पक्ष घेणारे प्रथम श्रेणीतील ७१.६४ ची सरासरी पुढे करतात. ब्रॅडमन वगळता एवढी सरासरी राखून दीर्घ काळ खेळलेला दुसरा फलंदाज नाही. हजारेंचा पक्ष म्हणतो, की मर्चंट कसोट्या दहाच खेळले आणि ऑस्ट्रेलियाला गेलेच नाहीत, तर हजारे यांनी जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघासमोर दोन्ही डावांत शतके ठोकली. भारताचा पहिला कसोटी विजयही १९५२ साली मद्रासला हजारे यांच्याच नेतृत्वाखाली आला. व्यापाऱ्याच्या घरातील खेळाडू आणि सांगलीहून आलेला खेळाडू असा हा वाद. तरी त्यात जातीचा सूर कट्ट्यावर क्वचितच ऐकू येतो. आकडे पुरेसे असले म्हणजे माणसांना इतर शस्त्रांची गरज वाटत नाही, हेही असेल.

बाकांचे भांडण मात्र याच मैदानावर पुन्हा उद्भवले. स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. सामना भरवणारी संस्था बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. दर कसोटीपूर्वी तिकिटांच्या कोट्यावरून ओढाताण होई. १९७० च्या दशकाच्या आरंभी असोसिएशनचे नेतृत्व शेषराव वानखेडे यांच्याकडे होते; ते विधानसभेचे अध्यक्षही होते. तोडगा निघेना, तेव्हा असोसिएशनने आपले स्वतंत्र स्टेडियम बांधण्याचा निश्चय केला, आणि तेही ब्रेबॉर्नपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर. वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार काम असे झपाट्याने झाले, की फेब्रुवारी १९७३ ची कसोटी ब्रेबॉर्नवर आणि त्यानंतरची जानेवारी १९७५ ची वानखेडेवर झाली. वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉईड यांनी नाबाद २४२ धावांनी नव्या मैदानाचा मुहूर्त केला. त्यांचे अभिनंदन करण्यास धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारले, लोक खवळले, आणि नवीन स्टँडची जाळपोळ झाली. ब्रेबॉर्नला पुढची कसोटी मिळण्यास डिसेंबर २००९ उजाडावे लागले. सेहवाग यांनी तेथे २९३ धावा केल्या तेव्हा ज्यांनी १९७३ ची कसोटी पाहिली होती ते आजोबा झाले होते.

वानखेडे झाले म्हणून सामान्य प्रेक्षकाला बाक मिळाले का? २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला नूतनीकरण झालेल्या स्टेडियमची क्षमता सुमारे ३३,००० होती आणि खुल्या विक्रीला आलेली तिकिटे चार हजारांच्या आसपास. उरलेली संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय संघटना, प्रायोजक आणि मान्यवर यांच्यात वाटली गेली. ठाण्या-डोंबिवलीच्या ज्या क्रिकेटवेड्याने पोटाला चिमटा काढून पैसे साठवले होते, त्याने धोनीचा तो षटकार घरच्या दूरचित्रवाणीवर पाहिला. क्लबच्या हातून कोटा सुटला आणि असोसिएशनच्या हाती आला, इतकेच घडले.

हे केवळ मुंबईचे दुखणे नव्हे. ज्यांची मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मेलबर्नला गेली आहेत, त्या कुटुंबांना तेथील ‘फूटी’ची थोडीफार ओळख झालेली असते. हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्रिकेटच्याच अंडाकृती मैदानावर, अंडाकृती चेंडूने, प्रत्येकी अठरा खेळाडूंनी खेळला जातो, आणि त्याचा जन्मही क्रिकेटच्या पोटातून झाला : हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग मोडू नये म्हणून टॉम विल्स आदी मंडळींनी १८५८-५९ मध्ये तो रूढ केला. याच विल्सने पुढे मूळनिवासी खेळाडूंच्या क्रिकेट संघाला शिकवले. त्या संघातील जॉनी मुल्ला याच्या नावाचे पदक मेलबर्नच्या ‘बॉक्सिंग डे’ कसोटीतील सर्वोत्तम खेळाडूला देण्याची प्रथा २०२० मध्ये सुरू झाली. पहिले पदक ज्याच्या गळ्यात पडले तो कर्णधार अजिंक्य रहाणे डोंबिवलीत लहानाचा मोठा झालेला. त्याचे ते ११२ धावांचे शतक कट्ट्यावर निघाले की डोंबिवलीकर नातलगांचा आवाज चढतो, आणि ते क्षम्य आहे.

मेलबर्नमधील क्लब म्हणजे मुळात एकेक उपनगर : कार्लटन, कॉलिंगवुड, रिचमंड. आजोबा कॉलिंगवुडचे तर नातूही कॉलिंगवुडचाच, अशी तेथील रीत. १९७० च्या अंतिम सामन्याला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर १,२१,६९६ प्रेक्षक होते. मध्यंतराला कार्लटन ४४ गुणांनी मागे होते आणि शेवटी १० गुणांनी जिंकले. कॉलिंगवुडच्या घरांतून ते दुःख अजून निघालेले नाही. पण तेथेही मैदान एका क्लबच्या, मेलबर्न क्रिकेट क्लबच्या, ताब्यात. त्याच्या सभासदांना राखीव जागा. आणि फुटबॉल लीगला उत्पन्नाचा हवा तसा वाटा नाही. शेषराव वानखेड्यांनी जे केले तेच लीगने त्यांच्या आधी काही वर्षे केले. शहरापासून दूर आग्नेयेला वेव्हर्ली येथे मोकळी जमीन घेऊन तिने स्वतःचे मैदान बांधले आणि एप्रिल १९७० मध्ये तेथे पहिला सामना झाला. दीड लाखांहून अधिक प्रेक्षकांचे स्वप्न होते. प्रत्यक्षात त्याच्या जवळपास निम्मेच स्टेडियम उभे राहिले. रेल्वे येणार, येणार म्हणत आलीच नाही. सामना सुटला की मोटारतळातून बाहेर पडण्यास लागणारा वेळ हा मेलबर्नमध्ये विनोदाचा विषय झाला. अंतिम सामना तिकडे हलवण्याचा लीगचा बेत राज्य सरकारने मान्य केला नाही. जुन्या मैदानाची दुरुस्ती चालू असल्यामुळे १९९१ साली तो एकदाच तेथे झाला. १९९९ नंतर वेव्हर्लीवर लीगचे सामने थांबले. पुढे त्या जमिनीवर घरे झाली. एक स्टँड आणि मधली हिरवळ तेवढी राखली गेली.

आमण्याचा विचार करताना वेव्हर्ली डोळ्यांसमोर ठेवणे अगत्याचे आहे. समृद्धी महामार्ग आहे, हे खरे. पण एक लाख माणसे मोटारींनी येत नाहीत, आणि आली तर परतत नाहीत. ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रोच्या मार्गावर बाळकुम नाका हे स्थानक आहे. ती मेट्रो भिवंडीतून कल्याणकडे वळते. स्टेडियमच्या दारापर्यंत प्रेक्षकाला कोण नेणार, आणि रात्री अकराला सुटलेल्या सामन्याहून कसे परत आणणार, याचे उत्तर क्षमतेच्या आकड्याआधी मिळाले पाहिजे. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला नेरूळचे रेल्वे स्थानक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तेथे भरगच्च गर्दीत झाला आणि भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवले, तेव्हा त्या रेल्वेचा उपयोग दिसून आला.

आणि ठाण्यात स्टेडियम नाही असे थोडेच आहे! महापालिकेचे दादोजी कोंडदेव स्टेडियम १९८२ पासून उभे आहे. रणजी सामने तेथे झाले, कसोटी कधी झाली नाही. मार्च २०२४ मध्ये टेनिस चेंडूच्या दहा षटकांची ‘आयएसपीएल’ स्पर्धा तेथे भरली. अंतिम सामन्यात ‘माझी मुंबई’ संघ कोलकात्याकडून दहा गड्यांनी हरला. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर त्याने चषक जिंकला. गल्लीत टेनिस चेंडूने खेळणारी मुले ज्यांच्या नावाने ओळखली जात नाहीत अशा गल्लीतल्याच खेळाडूंना पाहण्यासाठी ठाणेकर रात्री घराबाहेर पडले. त्या प्रेक्षकांत ना क्लबांचे कोटेधारक होते ना परंपरेचे मानकरी. लोक येतात का, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघाला आहे.

कट्ट्यावरील पेढीवाल्यांनी आता भागधारकाच्या सभेत विचारतात तसे प्रश्न विचारावेत, हे बरे. एक लाख बाकांपैकी खुल्या विक्रीला किती? संलग्न क्लबांची यादी ज्या काळात ठरली त्या काळात ठाणे-कल्याणची वस्ती किती होती आणि आज किती आहे? सामना नसेल त्या तीनशे दिवसांत ती पन्नास एकर जमीन बंद दारांमागे राहील, की भिवंडी-शहापूरच्या शाळांना तेथे खेळता येईल? मेलबर्नच्या अंतिम सामन्याला उतरणाऱ्या दोन्ही क्लबांच्या सभासदांना ठरावीक बाके मिळतात, आणि ती अपुरी असल्याची तक्रार दर सप्टेंबरात होते. परंतु किती बाके कोणाला, हे तेथे छापून येते. आमण्याच्या बाबतीत तेवढे जरी पाया खणण्यापूर्वी छापून आले, तर पुष्कळ झाले.

तोवर मर्चंट आणि हजारे यांचा निकाल बाळकुममध्ये लागायचाच आहे. परवाच्या बैठकीत ज्येष्ठांपैकी एकाने नवीन मुद्दा काढला, की हजारेंच्या त्या ३०९ मध्ये विवेकच्या २१ धावांचेही मोल धरले पाहिजे, कारण दुसऱ्या टोकाला उभे राहणे हेही भांडवलच असते. यावर मर्चंटांच्या पक्षाला उत्तर सुचले नाही. ते दुसऱ्या दिवशी देण्याचे ठरले.